पायाळू की बूडाळू

मथुराच्या पोटावर माझे दोन्ही हात होते. तिच्या उजव्या बरगडीखाली मला काहीतरी नारळासारखं टणक लागलं. मी ते दोन बोटांनी हलकेच ढकललं. ते डोललं. पुन्हा ढकललं. पुन्हा डोललं. बूड असं डोलत नाही. बूड मऊ असतं, आणि ढकललं की सगळं अंगच सरकतं. जे एकटं डोलतं ते डोकं. आणि आठव्या महिन्याच्या शेवटी डोकं खाली असायला हवं, बरगडीखाली नाही.

"काय लागलं?" दाराबाहेरून तिच्या सासऱ्यांनी विचारलं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं.

मी तिथे पहिली चूक केली. बाजेवर पडलेल्या बाईला सांगायच्या आधी दाराबाहेरच्या माणसाला उत्तर दिलं.

"डोकं वर आहे तात्या. बाळ उलटं आहे."

 तात्या हळूच म्हणाले, "म्हंजी पायाळू?"

"तसंच म्हणा."

"बराबर सांगा नर्सबाई. पायाळूच ना?"

"आज तरी पायाळूच."

तात्यांनी बाहेर दोन्ही हात जोडले, असं मला त्यांच्या बायकोनं, गयाबाईनं, नंतर सांगितलं. मला वाटलं काळजीनं जोडले असतील. ते आनंदानं जोडले होते.

मी तेव्हा ए.एन.एम. होते. या तीन अक्षरांचा अर्थ सरकारी कागदावर लांबलचक आहे, गावात एकच होता: नर्सबाई. बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. जालना अजून जिल्हा झाला नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतो. माझ्याकडे वडीगोद्रीच्या आतल्या बाजूची पाच गावं होती आणि ती फिरायला दोन पाय होते. वय चोवीस. मी बौद्ध घरातली. तात्यांच्या घरी माझ्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असे. चहा त्या कपात आणि सून माझ्या हातात. यातलं जास्त मोलाचं काय, हे त्यांनी कधी ताडून पाहिलं नव्हतं, आणि मीही ते काम त्यांच्या वतीनं करायला गेले नाही.

आता पायाळूबद्दल. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. लोकांचं म्हणणं, त्याला जमिनीतलं दिसतं. पुरलेलं धन दिसतं, पाणी दिसतं. शिवाय कंबरेत उसण भरली तर त्याची लाथ खावी, उतरते. डॉक्टर लोक याच बाळाला ब्रीच म्हणतात आणि त्यांना त्यात धन दिसत नाही, धोका दिसतो. बाळाच्या अंगात डोकं सगळ्यात मोठं. ते आधी आलं की बाकीच्याला वाट मोकळी होते. ते शेवटी आलं की उलटा प्रकार. अंग बाहेर, डोकं आत, आणि मधे नाळ दाबलेली. नाळ दाबली की बाळाचा श्वास बंद. मग हातात पाच-सहा मिनिटं असतात, आणि ती फार लहान मिनिटं असतात.

तात्यांना हे काहीच ऐकायचं नव्हतं, कारण त्यांना पाणी हवं होतं. दुष्काळात त्यांनी दोन विहिरी खोदल्या होत्या. एकीत दगड लागला. दुसरीत त्या दगडाचा भाऊ लागला. मधल्या काळात एक पाणाड्या आणून झाला. त्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवला, जेवला आणि गेला. तो बाहेरचा होता, आता पाणाड्या घरातच होणार होता.

तात्या ही बातमी पारावर सांगायला गेले, तेव्हा मथुरानं माझा हात धरला. एकोणीस वर्षांची पोर, पहिली खेप.

"बाई, उलटं म्हंजी मी मरते का?"

"मरत नाहीस."

"मंग ते?"

"त्यालाही मरू द्यायचं नाही. पण हे घरी करायचं काम नव्हे."

ती आढ्याकडे बघत म्हणाली, "आमच्या मावशीचं असंच आल्तं. सारं अंग आलं. मुंडकं तेवढं आत राह्यलं."

 मी तिच्या पोटावर लाकडी नळी ठेवली, कान लावला आणि ठोके मोजले. ठोके चांगले होते. तिलाही ते मीच सांगितलं, कारण या घरात तिला कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं.

दोन दिवसांनी आरोग्य केंद्रात मीटिंग होती. आमचे डॉक्टर तरुण, पुण्याचे. बदलीची वाट बघत दिवस ढकलायचे, पण माणूस वाईट नव्हता.

"सर, एक प्रायमी ब्रीच आहे," मी म्हणाले. प्रायमी म्हणजे पहिलटकरीण.

"किती आठवडे?"

"पस्तीसच्या आसपास."

"घेऊन या. बाहेरून फिरवून बघू. फिरलं नाही तर जालन्याला रेफर करा, घरी ठेवायचं नाही. लूप किती बसवले या महिन्यात?"

"दोन."

"सिस्टर, वरून विचारतात मला. जन्म थांबवायचे आहेत आपल्याला."

"सर, हा आता थांबण्यातला नाही."

बाहेरून फिरवणं म्हणजे पोटावर दोन्ही हात ठेवून बाळाला हळूहळू कोलांटी खायला लावणं. जमलं तर जमतं. मी तात्यांकडे गेले आणि तसं सांगितलं. दुसरी चूक.

"फिरवायचं? बिलकुल न्हाई," तात्या म्हणाले. "देवानं जसं दिलंय तसं येऊ द्या."

"तात्या, पहिलटकरीण आहे. डोकं अडकलं तर मूल जातं."

"आमच्या गावात आजवर तीन पायाळू झाले. ते काय दवाखान्यात झाले?"

"जे जगले ते तुम्हाला दिसले. गेले ते दाखवायला कोण येतं?"

तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. माणूस हट्टी होता, मठ्ठ नव्हता. मी पुढे सरकले.

"मेलेला पायाळू पाणी दाखवत नाही."

"मंग काय म्हनता?"

"फिरवत नाही आपण. पण बाळंतपण जालन्याच्या दवाखान्यात. आधीच नेऊन ठेवायचं."

"तिथं पायाळूच निघंल?"

"तिथं डॉक्टर आहेत. ते जसं आहे तसंच काढतात."

जालन्यात तात्यांच्या साडूचं घर होतं. पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी गाडी जुंपायची, वडीगोद्रीहून एस.टी. धरायची, आणि मथुरानं दिवस भरेपर्यंत साडूकडे राहायचं असं ठरलं. मी खूश होऊन घरात गेले आणि मथुराला सांगितलं. तिनं तोंड फिरवलं.

"तुम्ही बी त्यांच्याच झाल्या. मला फिरवून पायजे होतं. मला कुनी इचारलं?"

खरं होतं. तिच्या पोटाचा सौदा मी तिच्या सासऱ्याशी केला होता. पोट तिचं, पाणी त्यांचं, नोकरी माझी.  मग तिला एक व्यायाम शिकवला. गुडघ्यावर बसायचं, छाती जमिनीला टेकवायची, कंबर वर. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. यानं बाळ कधी कधी आपणहून फिरतं. हात लावणार नाही असं मी तात्यांना कबूल केलं होतं. बाळानं स्वतः फिरू नये असं काही ठरलं नव्हतं.

आठवड्यानं गेले तर गयाबाई दारातच.

"नर्सबाई, सून रोज बाजंखाली वाकून काय शोधून राह्यली?"

"जोडवं पडलंय तिचं," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला पाहिलं तर सासूही बाजेखाली गुडघ्यावर, छाती जमिनीला टेकवून, कंबर वर करून जोडवं शोधत होती. तिचं वय बघता त्यापासून काही धोका नव्हता. मथुरा तोंडावर पदर घेऊन हसत होती. ती हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

बाळ काही फिरलं नाही. आजोबावर गेलं असावं.

गुरुवारची तयारी झाली. आणि त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मथुराचा नवरा ज्ञानोबा सायकल मारत माझ्या खोलीवर आला. अबोल माणूस. घामानं चिंब.

"बाई, जल्दी चला. पानी गेलं."

त्या घरात पाणी म्हटलं की आधी विहीरच डोळ्यांपुढे यायची. "कुठलं पाणी?"

"मथुराचं."

मी पिशवी घेतली आणि कॅरिअरवर बसले. अंगातली पाणमोट फुटली होती, तीन आठवडे आधी. रस्ताभर मी मनात एकच उजळणी करत होते, आणि ती उजळणी फार लांब नव्हती. मी तोवर पन्नासेक बाळंतपणं केली होती, पण ब्रीच एकही नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक लाकडी कंबर आणि एक कातडी बाहुली होती. बाहुलीच्या मानेची शिवण उसवलेली, त्यामुळे डोकं कसंही काढलं तरी निघायचं. आमच्या ट्यूटर सिस्टर मागे उभ्या राहून म्हणायच्या, "ब्रीचमध्ये नर्सचे हात पाठीमागे. ओढलं की घात झाला." ओढलं तर बाळ दचकून हात वर टाकतं, मान मागे जाते, आणि हनुवटी अडकते. आपलं आपण येऊ दिलं तर बाळ अंग चोरून येतं.

घरी पोचले तर अंगणात पाच-सहा पुरुष घोंगडीवर बसलेले. मला वाटलं काही वाईट झालं. तात्या म्हणाले, "हे साक्षीला बोलावलेत. उद्या कुनी म्हनाया नको की पायाळू न्हाई."

बैलगाडी जुंपून तयार होती. मी आत गेले. ठकूबाई आधीच पोचली होती. ती गावची सुईण, आमच्याच समाजातली, माझ्या आईच्या वयाची. माझ्या बदलीचा अर्ज मंजूर व्हावा म्हणून माझ्याइतकीच तीही वाट बघत असायची. मी मथुराला तपासलं. गर्भाशयाचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडलं होतं, बोटांना बाळाचं बूड लागत होतं. गाडीनं वडीगोद्रीपर्यंत दोन तास. पुढे ट्रक मिळाला तर मिळाला. म्हणजे बाळ वाटेत, ढेकळांवर, धक्के खात.

मी दाराशी आले. "गाडी सोडा. इथंच करायचं."

"जालन्याचं ठरलं होतं ना?" तात्या म्हणाले.

"ठरवताना तुमच्या नातवंडाला विचारलं नव्हतं."

ज्ञानोबाला चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्राकडे पिटाळलं. जीप आणि डॉक्टर दोन्ही पाठवा, असं लिहिलं. मग मथुराला सरळ सांगितलं, या वेळी तरी आधी तिलाच. "इथंच होणार. मी हे आजवर बाहुलीवर केलंय, बाईवर नाही. पण काय करायचं ते मला ठाऊक आहे. मी म्हणेन तेव्हाच जोर लावायचा."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "बाहुली जगली का?"

"तिला काही झालं नाही."

"मंग करा."

आम्ही तिला बाजेच्या कडेला आडवं आणलं, पाय दोन्हीकडे घेतले. असं केलं की बाळाला खाली लोंबायला जागा मिळते. ठकूबाईनं पाणी उकळलं होतं, कात्री आणि दोरा त्यात टाकला. कळा जोरात होत्या. अर्ध्या-पाऊण तासात बूड दिसायला लागलं, मग बाहेर आलं. पाय मात्र दिसेनात. ते सरळ वर, पोटाला चिकटून, बोटं कानापाशी. अशा बाळाचं बूडच आधी येतं, पाय नव्हे.

"पाय दिसले का?" बाहेरून तात्या.

"बूड आलंय," ठकूबाईनं आतून ठणकावून सांगितलं.

 बाहेर साक्षीला बसलेल्या पंचांमध्ये मतभेद. एक म्हातारा म्हणाला, "बूड आधी आलं म्हंजी पायाळू न्हाई. बूडाळू." दुसरा म्हणाला, पाय बुडालाच जोडलेले असतात, तेव्हा धरायला हरकत नाही. तिसऱ्यानं विचारलं, बूडाळूला काय दिसतं?

"त्यायला म्हना आत येऊन जोर लावा, मंग दिसंल," मथुरा दात आवळून म्हणाली.

ठकूबाईचे हात शिवशिवत होते. ती पुढे झाली आणि बाळाच्या कमरेला धरू लागली.

"मावशी, ओढू नका."

"ओढलं न्हाई तर यील कसं?"

"येईल. हात मागे घ्या."

"हात लावायचाच न्हाई, मंग सरकार तुला पगार कशाचा देतं?"

"हात न लावण्याचाच देतं," मी म्हणाले. पण खरं सांगायचं तर माझे हात तिच्यापेक्षा जास्त शिवशिवत होते. समोर अर्धं बाळ लोंबतंय, निळसर पडतंय, आणि आपण नुसतं बघायचं. असा धीर मला पुढे कुठल्याच कामात लागला नाही.

पाय एकेक सुटून खाली आले. बेंबीपर्यंत अंग आलं. मी नाळेचा थोडा भाग सैल केला, ठोका पाहिला. होता. बाळाच्या अंगाला कोरडं फडकं गुंडाळलं, पाठ वरच्या बाजूला राहील एवढंच पाहिलं. पुढच्या कळेला खांदे, मग हात. आणि मग थांबलं.

अंग सगळं बाहेर, डोकं आत. मथुराच्या मावशीचं जिथं थांबलं तिथंच. मथुरालाही ते कळलं असावं, कारण तिनं ओरडणं बंद केलं. बाहेर चर्चा चालूच होती. मी मोजायला लागले.

बाळाला स्वतःच्या वजनानं लोंबू दिलं. मानेवरचे केस दिसेपर्यंत काही करायचं नसतं. मी साठपर्यंत मोजलं. केस दिसले. मग बाळाला माझ्या उजव्या हातावर पालथं घेतलं, जसं घोड्यावर बसवतात तसं, दोन्हीकडे पाय सोडून. त्या हाताची दोन बोटं त्याच्या गालांच्या हाडांवर ठेवली. डाव्या हाताची बोटं खांद्यांवर. यात ओढायचं नसतं, हनुवटी छातीला टेकवायची असते. डोकं वाकलं की लहान होतं.

"मावशी, ओटीपोटावर हात ठेवा. पंजा सपाट. खालच्या बाजूला दाबा. हळू."

ठकूबाईनं एकही शब्द न बोलता दाबलं. तिच्या हातात माझ्याहून जास्त समज होती, फक्त तिला कधी कुणी दाबायची जागा सांगितली नव्हती.

"मथुरा, आता लाव जोर."

हनुवटी आली. तोंड आलं. नाक, कपाळ, आणि मग डोकं एकदम माझ्या हातात. बाहुलीसारखं अजिबात नाही.

मुलगी होती. निळी, ढिली, गप्प. मी रबरी नळीनं तिच्या तोंडातला चिकटा ओढून काढला. तळपायावर टिचक्या मारल्या. काही नाही. ठकूबाई म्हणाली, "वार पडू दे, निखाऱ्यावर धरू. नाळंतून ऊब जाती." मी म्हणाले, नाळेमागचा गोळा पडेपर्यंत थांबायला वेळ नाही. मी बाळाच्या नाकातोंडावर तोंड ठेवलं आणि गालातली हवा हळूच फुंकली. एकदा, दोनदा, पाचदा. ठकूबाई पाठ चोळत होती. छातीवर कान ठेवला तर ठोका होता, मंद, पण होता. पुन्हा फुंकलं. कितीदा ते मी मोजलं नाही. मग तिनं उचकी दिली. चेहरा वेडावाकडा केला आणि मांजरासारखा एक चिरका आवाज काढला. मग दुसरा. तिसरा बाहेरच्या पंचांना ऐकू गेला.

मथुरा रडत होती. "जिती हाय?"

"ऐकतेस ना?"

तात्यांना सांगायला दारात जायचं होतं, पण मी नाळ बांधत होते. ठकूबाई गेली.

"पोरगी हाय," ती म्हणाली.

तात्या जरा घोटाळले. "पोरगी बी... पायाळू ऱ्हाती का?"

"जिती हाय, तुमची हाय. बाकीचं जमिनीला इचारा."

जीप आली नाही. ती कुटुंबनियोजनाच्या शिबिराला गेली होती, आणि डॉक्टर जीपमध्ये होते.

वार पडली, रक्त थांबलं, मथुरा बरी होती. स्प्रिंगच्या काट्याला फडकं बांधून मी पोरीला तोललं. सव्वादोन किलो. तीन आठवडे लवकर आलेली, दमलेली. तिला आता दोनच गोष्टी हव्या होत्या, ऊब आणि आईचा चीक. चीक म्हणजे बाळंतिणीचं पहिलं घट्ट, पिवळं दूध. आणि गयाबाई वाटी घेऊन आली. गावाची रीत अशी की तीन दिवस चीक पिळून टाकायचा, कारण तो जड, खराब. तोवर बाळाला गुळाचं पाणी, एरंडेलाचं बोट.

"चीक पाजा," मी म्हणाले.

"आमच्यात न्हाई पाजत."

मी पंधरा मिनिटं समजावलं. ताकद असते, रोग टळतात, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. गयाबाई वाटी घेऊन तशीच उभी. तिनं सहा लेकरं वाढवली होती, मी शून्य. तात्या उंबऱ्याबाहेरून ऐकत होते. माझी पाठ दुखत होती आणि विज्ञान संपलं होतं.

"तात्या," मी म्हणाले, "पायाळूला पहिला चीक लागतो. नाही मिळाला तर नजर जाते."

"डोळ्याची?"

"जमिनीतली."

 तात्या बायकोला म्हणाले, "वाटी ने माघारी. चीक पाजा. एक थेंब सांडायचा न्हाई."

ठकूबाईनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर वाटेत म्हणाली, "पोरी, हे कोन्त्या पुस्तकात लिव्हलंय?"

"सरकारी."

"मंग खरं असंल."

आठ दिवसांनी मला मेमो आला. 'प्रायमी ब्रीचची डिलिव्हरी घरी केल्याबद्दल खुलासा करावा.' मी एका ओळीत खुलासा केला: जीप शिबिराला गेली होती. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि फायलीत लावला. मग दार लोटून घेतलं.

"डोकं कसं काढलंत?"

मी टेबलावरचा टॉवेल गुंडाळून दाखवलं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं करून पाहिलं.

"मी इंटर्नशिपला दोन पाहिल्यात," ते म्हणाले. "दोन्ही वेळा पुढे माझे सर उभे होते, मला काही दिसलं नाही." पुढच्या मीटिंगला त्यांनी मला सगळ्या नर्सेसना ते दाखवायला लावलं. मेमो मात्र मागे घेतला नाही.

पोरीचं नाव तात्यांनी गोदावरी ठेवलं. आशा मोठी होती. पोर चालायला लागल्यावर त्यांनी तिला शेतात नेऊन सोडलं आणि मागे मागे फिरले. ती एका जागी बसली आणि माती खाल्ली. तिथं त्यांनी खोदलं. पाणी लागलं, पण दिवसाला चार घागरी, तेही होळीपर्यंत. तात्यांनी पारावर निकाल दिला की बूड आधी आल्यामुळे पोरगी अर्धीच पायाळू आहे, तेव्हा पाणी अर्धं लागलं हे बराबरच. मथुरानं त्यानंतर पोरीला शेतात न्यायची बंदी केली. माती खाऊन जंत होतात, असं मी तिला सांगितलं होतं. तेवढं मात्र खरं होतं.

माझ्या खोट्याचं पुढे वेगळंच झालं. वर्षाच्या आत मला बायका वाटेत अडवायला लागल्या. "बाई, आमचं सरळ आलंय, पायाळू न्हाई. त्याला चीक चालतो का?" मी म्हणाले, सरळ आलेल्याला तर जास्तच लागतो, त्याला मुळात काहीच दिसत नाही. एकीला सांगितलं, मुलगा असेल तर चीक पाजल्यानं शाळेत हुशार होतो. दुसरीला सांगितलं, मुलगी असेल तर सासरी टिकते. ठकूबाई माझ्यापुढे गेली. तिनं स्वतःच ठरवून टाकलं की चीक फेकला तर त्या घरची म्हैस आटते. म्हशीची बाब निघाल्यावर विरोध संपला. दोन वर्षांत त्या गावात चीक फेकणारं घर शोधून सापडेना, आणि अंगणातल्या काट्यावर मला पोरांची वजनं दिसत होती.

डॉक्टरांनी रजिस्टर पाहिलं. "बाकीच्या चार गावांत हे होत नाही. इथं कसं पटवलंत?"

मी त्यांना सगळं सांगितलं, म्हशीसकट. ते थोडा वेळ पेन चावत बसले.

"रिपोर्टमध्ये 'आरोग्यशिक्षण' लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. पुढे तीस-एक वर्षं नोकरी झाली. योग्य कारण सांगून चुकीचं काम करवून घेणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. चुकीच्या कारणासाठी योग्य काम करणारं गाव क्वचित मिळतं. मिळालं तर त्याचं कारण दुरुस्त करायची घाई करू नये. आधी वजन वाढू द्यावं.